नोंदवहीतला गुलाब

१२ नोव्हेंबर

दादा,

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात मिळाला, सुयांच्या पुडीखाली घडी करून ठेवलेल्या पाकिटावर. म्हणजे तुमची पत्रं चालू होती आणि तिने आम्हाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा तुला कळवता आलं नाही कारण पत्ता नव्हता, असं मी लोकांना सांगते. शोधला मात्र नव्हता.

एकतीस वर्षांनी लिहायचं आणि तेही कामाचं, हे बरं दिसत नाही. पण दुसरं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून कामाचंच लिहिते.

अप्पांच्या गुलाबाला रोग लागलाय. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा उठतात, नवी फूट आखडते, कळी उमलली तर अर्धीच उमलते. तपासायला आलेला माणूस म्हणाला, हा विषाणू आहे, याला औषध नाही, झाडं उपटा आणि जाळा. नवीन खुंटावर याच्या काडीवरचे डोळे बसवून पाहिले, तर रोगही डोळ्याबरोबर नव्या कलमात उतरला. चाळीस झाडं जाळली. अकरा मागच्या कुंपणाला ठेवली आहेत, पाहुण्यांपासून लपवलेल्या आजारी माणसासारखी.

त्यात एक बाई आल्या. जुन्या, हरवलेल्या गुलाबांचा शोध घेणं हे त्यांचं काम. पडके बंगले, स्मशानं, बंद पडलेल्या शाळांची आवारं, जिथे कुठे जुनं झुडूप तगून असेल तिथे त्या जातात. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असतं, चष्मा मात्र सारखा हरवतात. मी मनातल्या मनात त्यांना भिंगवाल्या बाई म्हणते. आपला गुलाब त्यांनी कुणाच्या तरी अंगणात पाहिला आणि माग काढत नर्सरीत आल्या. कळीच्या देठावरची चिकट लव बोटाने चोळली, बोट हुंगलं आणि म्हणाल्या, "मिरीचा वास आहे. हा नवा गुलाब नाही हो. फार जुना आहे."

मी सांगितलं, "आमच्या वडिलांनी तयार केलाय. पस्तीस वर्षं झाली. संकराची नोंद आहे."

"मग नोंदवही बघायला मिळेल का?"

"वाळवीने खाल्ली," मी म्हटलं.

खरंच खाल्ली. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कपाटाला वाळवी लागली होती, तेव्हा.

तर विचारायचं ते एवढंच. घर सोडताना तू या गुलाबाचं एखादं रोप नेलं होतंस का? झाड निरोगी असेल तर बोटभर काडी पुरे. ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव.

अप्पा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे.

चिमणी

ता. क. सही करून थांबले. हे लाडाचं नाव अप्पांनी गुलाबाला दिलं, तेव्हापासून ते माझं कमी आणि त्याचंच जास्त झालंय. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "चिमणी आहे का?" आणि मी म्हणते, "संपली."


३ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीनच वाक्यं. "रोप माझ्याकडे नाही. असतं तरी दिलं नसतं. नोंदवही वाळवीने खाल्ली नसणार."

पहिल्या दोन वाक्यांवर माझं काही म्हणणं नाही.

भिंगवाल्या बाई काल पुन्हा येऊन गेल्या. पाच तास होत्या. मागच्या खेपेला त्यांनी पानं नेली होती, आपल्या झाडाची आणि नोंदीत आई-बाप म्हणून ज्यांची नावं आहेत त्या दोन गुलाबांचीही. (नोंदवही नसली तरी ती नावं आपल्या जुन्या माहितीपत्रकात छापलेली होती. ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.) प्रयोगशाळेचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. त्या सरळ बोलतात, पण दुखवत नाहीत. म्हणाल्या, "हे या दोघांचं लेकरू नाही. लांबच्या नात्यातलंसुद्धा नाही."

मग एका जुन्या माहितीपत्रकातलं रंगीत चित्र दाखवलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं. फिकट गुलाबी पाकळ्या, पाठीमागून गडद. मधोमध हिरवं बटण. कळीवर ती लव. मी दादा, रोज सकाळी ज्या फुलाकडे बघत आले, ते तिथे कागदावर होतं. नाव लांबलचक आहे, कुणा सेनापतीच्या बायकोचं. मला नीट उच्चारताही आलं नाही. गेली साठ-सत्तर वर्षं तो नष्ट झाला असंच सगळे धरून चालले होते.

चित्रावर विसंबायचं नाही म्हणून आम्ही दोघी मागच्या कुंपणाला जाऊन बसलो. त्या एकेक गोष्ट वाचायच्या आणि मी झाडावर तपासायची. काटे सरळ की वाकडे. एका देठाला पानं पाच की सात. कळीबाहेरच्या पाच हिरव्या पाकळ्यांपैकी कितींना झालर. दोनांना दोन्हीकडून, एकीला एकाच बाजूने, उरलेल्या दोन साध्या. सगळं जुळत गेलं. प्रत्येक "जुळलं" बरोबर त्यांचा चेहरा उजळत होता आणि माझा... माझा कसा होता ते त्यांनी पाहिलं असणार, कारण शेवटी भिंग खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वडिलांना हा कुठून मिळाला, एवढं आठवून बघा. जिथून आला तिथे कदाचित अजून एखादं निरोगी झाड असेल. तुमच्याकडून गिऱ्हाइकांकडे गेलेल्या झाडांनाही हाच रोग आहे आणि इथली अकरा जगणार नाहीत. मग याला आपण शोधलं त्याच वर्षी घालवल्यासारखं होईल."

मी म्हटलं, आठवून बघते.

कुठून आला ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. तूच तर तेव्हा अप्पांच्या तोंडावर सांगितलं होतंस.

चिमणी


१९ डिसेंबर

दादा,

कलमकाकांच्या घरी जाऊन आले. अप्पांनी त्यांना नर्सरीतून काढलं त्यानंतर पहिल्यांदाच.

नर्सरीपासून अर्ध्या तासाचं अंतर. एकतीस वर्षं तो रस्ता टाळण्यासाठी मी बाजाराला लांबून वळसा घालून जाते, हे मला काल रिक्षातून उतरल्यावर कळलं. गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना एक-एक खोलीची घरं, मध्ये एक नळ. काकू दारात पाटावर बसून वाती नव्हे, कापडाच्या चिंध्या वळत होत्या. पायपुसणी करून विकतात. केस पूर्ण पांढरे झालेत. मला वाटलं होतं ओळख सांगावी लागेल.

"ये," त्या म्हणाल्या. "उशीर केलास."

मी बसले. गुलाबाला रोग लागल्याचं सांगितलं, बाईंचं सांगितलं. त्या हात न थांबवता ऐकत होत्या.

"तो माझ्या आईचा," त्या म्हणाल्या. "ती एका बंगल्यात झाडलोट करायची. छाटणी झाली की काड्या उकिरड्यावर जायच्या. त्यातली एक तिने आणून दारात खोचली. आम्ही मिरीगुलाब म्हणायचो. लग्न करून इथे आले तेव्हा मीही एक काडी आणली. यांना फार आवडायचा. तुमच्या नर्सरीत यांनीच नेला, तुझ्या अप्पांना दाखवायला. हौसेने."

"झाड आहे का काकू अजून?"

"नाही."

"कधी गेलं?"

"हे गेले त्या दिवशी. यांना अंघोळ घालायला पाणी तापवायचं होतं आणि सरपण नव्हतं. उपटला, तोडला, चुलीत घातला." त्यांनी चिंधीला गाठ मारली. "ओला होता. धूर फार झाला."

मला वाटत होतं काका म्हातारपणाने गेले असतील. मी कधी विचारलंच नव्हतं. नर्सरीतून काढल्यावर त्यांना कुठेच कुणी कामाला घेतलं नाही. मालकाच्या गुलाबावर हक्क सांगणारा माणूस कोण ठेवून घेणार? शेवटी फुलं पिकवणाऱ्या बंद शेडमध्ये फवारणीचं काम मिळालं. तोंडाला रुमाल बांधून, चार वर्षं. पाचव्या वर्षी छाती पार कामातून गेली. हाताला इतकी थरथर सुटली होती की पेला धरता यायचा नाही, असं काकू म्हणाल्या. ते हात, दादा. कलमाच्या चाकूने साल उचलायचे तेव्हा झाडाला कळायचंसुद्धा नाही.

मला खुंटावर डोळा बसवायला त्यांनी शिकवलं. मी दहा वर्षांची होते. माझं बोट कापलं तर स्वतःच्या धोतराची किनार फाडून बांधली होती.

निघताना काकू म्हणाल्या, "तुझा दादा येऊन जातो. दर वर्षी. या वर्षी नाही आला. बरा आहे ना?"

मी "हो" म्हटलं. तू अर्ध्या तासावर येतोस, बसतोस, चहा पितोस आणि परत जातोस, हे मला माहीत नव्हतं. मला राग आला नाही. येण्यासारखं आमच्याकडे काय होतं.

नोंदवही वाळवीने खाल्लेली नाही. माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे.

चिमणी


४ जानेवारी

दादा,

काकांच्या तक्रारीच्या सुनावणीला तू गुलाब मंडळाच्या खोलीत नव्हतास. अप्पांनी तुला बाहेर थांबवलं होतं आणि समितीला सांगितलं होतं की मुलगा वाटणीसाठी उलटलाय. आत काय झालं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आधी नोंदवहीचं. अप्पांनी मला खोटं लिही असं कधीच म्हटलं नाही. कलमकाकांनी गुलाब मंडळाकडे तक्रार केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यासमोर कोरी वही ठेवली, पेन ठेवलं आणि म्हणाले, "आपल्या नोंदी विस्कळीत आहेत. तुझं अक्षर चांगलं आहे." दार ओढून घेतलं आणि गेले. मी एकोणीस वर्षांची होते. काय करायचं ते मला लगेच समजलं. सात वर्षांच्या नोंदी मी एका दुपारी लिहिल्या. कुठल्या फुलावर कुठले पराग, कुठली तारीख, किती बिया धरल्या, किती उगवल्या. मध्येच पेनं बदलली. दोन पानांवर मुद्दाम पाणी सांडलं. खरं सांगते, मला ते जमतंय याची मजा वाटत होती. गुलाबाला माझं नाव होतं. तो दुसऱ्याचा निघाला असता तर मीही कुणाची तरी उचलून आणलेली ठरले असते, असं काहीतरी डोक्यात होतं.

समितीत तिघं होते. मधल्याने विचारलं, "मुली, या नोंदी त्या त्या वेळी तूच केल्यास ना?"

मी म्हटलं, "हो."

कलमकाकांना वही बघायला दिली. त्यांना वाचता जेमतेम यायचं. त्यांनी सावकाश पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरीचं अक्षर मात्र झकास आहे." वही टेबलावर नीट सरळ करून ठेवली आणि निघून गेले. एवढंच. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

परवा सकाळी अप्पांचं दूध-पाव झाल्यावर मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "बाईंना देणार आहे. खरं काय ते लिहूनही देणार आहे."

त्यांनी चष्मा लावला, तुला माहीत आहे तसा, आधी काचा पुसून. एकेक पान पाहिलं. मग म्हणाले, "यात माझं अक्षर कुठे आहे ते दाखव."

"तुमचं नाहीच."

"सही?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतेस? लिही काय लिहायचं ते. सवय आहे तुला."

मी तिथेच उभी राहिले. एकतीस वर्षं मला वाटत आलं की ते ओझं आम्ही दोघं मिळून वाहतोय. म्हणून मी लग्नाचं टाळलं, म्हणून नर्सरी सोडली नाही, म्हणून आईशी कधी मोकळेपणी बोलले नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी आपला हात काढून घेतला होता. दार ओढून घेतलं तेव्हाच.

मी विचारलं, "काका कसे गेले ते तुम्हाला माहीत होतं?"

"कळलं होतं," ते म्हणाले. आणि मग, "माझ्याकडे राहिला असता तर जगला असता." त्यांना ते पटलेलं होतं.

दुपारी मी त्यांची औषधं दिली, पाय चोळले. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. मी ताट ठेवते, ते जेवतात.

चिमणी


२३ फेब्रुवारी

दादा,

वही आणि माझं लिहून दिलेलं बाईंना दिलं. त्यांनी सगळं वाचलं, वही मिटली आणि पाणी मागितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "उगम कुठला ते कळलं, हे माझ्या कामाला पुरेसं आहे. बाकीचं माझ्या कामाचं नाही." मग भिंग उगाच पदराने पुसत बसल्या. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

काकूंची आई झाडलोट करायची त्या बंगल्याच्या जागी आता गाड्यांचं गॅरेज आहे. आम्ही दोघी जाऊन आलो. मागे तेलाच्या डब्यांचा ढीग, कडेला सिमेंट. झाड नाही. काकूंच्या आईच्या दारातलंही कधीच गेलं.

एकच वाट उरली होती. कोंबाचं अगदी टोक, टाचणीच्या डोक्याहून लहान, कापून काचेच्या नळीत वाढवतात. रोग कधीकधी तिथवर पोचलेला नसतो. अकरा झाडांवरून बाईंनी तीस टोकं नेली. काल त्यांचा फोन आला. सत्तावीस काळी पडली. तिनांत जीव आहे, पण रोग आहे की नाही ते तपासायला अजून दोन महिने लागतील. मी म्हटलं, तीन म्हणजे काही कमी नाहीत.

अकरा झाडं आज जाळली. वही नको म्हणून बाईंनी परत केली होती. तीही त्यात घालणार होते. घातली नाही. ते फार सोयीचं झालं असतं.

चिमणी


२१ एप्रिल

दादा,

तिनांपैकी एक रोप निरोगी निघालं. बोटाच्या पेराएवढं आहे. दुसऱ्या ठिकाणी काचेआड ठेवलंय, मला बघायला मिळणार नाही. बाईंच्या दप्तरात सेनापतीच्या बायकोचं नाव लागलं आणि खाली, कुठून मिळाला त्या रकान्यात, काकूंच्या आईचं, काकूंचं आणि कलमकाकांचं. आपलं नाव कुठेच नाही, ते बरोबर आहे. माहितीपत्रकातून 'चिमणी' काढली. नर्सरी बहुतेक या वर्षाअखेर बंद करीन.

गुलाब मंडळातही गेले होते. सेक्रेटरी सभ्य माणूस आहे. म्हणाला, "त्या समितीतलं कुणी हयात नाही. तक्रार खोटी ठरवणारा ठराव मागे घेता येत नाही, त्याला टीप जोडता येईल." अडीच ओळींची टीप जोडली. तिची नक्कल आणि माझ्या लिहून दिलेल्याची नक्कल घेऊन मी परवा काकूंकडे गेले.

त्यांनी दोन्ही कागद हातात धरले, पालथे करून पाहिले आणि मला परत दिले. त्यांना वाचता येत नाही हे मी विसरले होते.

"हे कुठे लावलंय?" त्यांनी विचारलं.

"मंडळाच्या दप्तरात."

"तिथे कोण वाचतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"यांना चोर म्हणाले ते इथे म्हणाले. नळावर. पोरं शाळेत जायची ती रडत यायची." त्यांनी पाट सरकवून मला उंबऱ्यावर जागा केली. "इथे उभी राहून वाच. मोठ्याने."

सकाळची वेळ होती. नळाला पाणी आलं होतं, पाच-सहा बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. एक माणूस सायकल उलटी करून साखळी बसवत होता. मी वाचायला सुरुवात केली. "मी अमक्या नर्सरीच्या मालकांची मुलगी, लिहून देते की गुलाबाच्या संकराची नोंदवही मी खोटी लिहिली. तो गुलाब आमच्याकडे कलमकाकांनी त्यांच्या घरून आणला होता. त्यांनी काहीही चोरलं नव्हतं. चोरी आमची होती. समितीसमोर मी खोटं बोलले." पुढेही आहे, पण तुला सगळं माहीत आहे.

वाचून झालं तेव्हा नळ तसाच वाहत होता आणि बादली भरून सांडत होती. सायकलवाल्याने मान खाली घालून साखळी पुन्हा हातात घेतली. बहुतेकांना कलमकाका कोण तेच माहीत नसणार, निम्मी माणसं नंतर राहायला आलेली. मी कागदाची घडी घातली.

काकू म्हणाल्या, "समोर तो म्हातारा बसलाय, खाटेवर. त्याला नीट ऐकू येत नाही. पहिल्यांदा तोच चोर म्हणाला होता. जवळ जाऊन वाच."

मी गल्ली ओलांडली आणि त्याच्या खाटेपाशी वाकले. त्याने कानामागे हात धरला आणि विचारलं, "कोण तू?"

मी घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.

चिमणी